चिनी शब्द देवनागरीत उतरवा

महाराष्ट्रातून चीनला जाणाऱ्यांमध्ये वैद्यकीय शिक्षण घेणारे विद्यार्थी असतात, यीवूच्या घाऊक बाजारातून माल आणणारे व्यापारी असतात, ग्वांगझूला वर्षातून दोनदा भरणाऱ्या कँटन फेअरला जाणारे कारखानदार असतात. पुण्याजवळ रांजणगावला हायरसारख्या कंपनीत चिनी सहकाऱ्यांबरोबर काम करणारेही आहेत. या सगळ्यांना चिनी भाषा बहुधा इंग्रजीच्या मध्यस्थीने भेटते. ॲपमध्ये इंग्रजी शब्द टाकायचा, समोर रोमन लिपीत आलेला चिनी शब्द इंग्रजीसारखा वाचायचा. ऐकणाऱ्याला त्यातलं काहीच कळत नाही आणि ‘चिनी फार अवघड’ असं म्हणून आपण तो नाद सोडून देतो.

खरं तर मराठी बोलणाऱ्याजवळ चिनी शिकण्याची बरीच सामग्री आधीपासून आहे. इंग्रजी स्पेलिंगमधून दिसत नाहीत असे उच्चारभेद देवनागरीत सरळ लिहिता येतात. इंग्रजीने एका शब्दात कोंबलेले काही अर्थ मराठीने वेगळे ठेवले आहेत. म्हणून चिनी शब्द ऐका, देवनागरीत लिहून घ्या आणि त्याचा अर्थ मराठीतच शोधा. ते कसं करायचं, ते पुढे क्रमाने पाहू. इथे चिनी म्हणजे चीनची प्रमाण भाषा, जिला आपण मँडरिन म्हणून ओळखतो.

स्पेलिंग रोमन, उच्चार चिनी

चिनी उच्चार रोमन अक्षरांत लिहिण्याच्या पद्धतीला पिनयिन म्हणतात. चीनमध्ये तिला १९५८ साली अधिकृत मान्यता मिळाली आणि ती घडवणाऱ्यांत चौ योउक्वाङ यांचं नाव आघाडीवर होतं. साक्षरता वाढावी आणि देशभर एकच प्रमाण उच्चार शिकवता यावा, हा तिचा उद्देश होता. इंग्रजी वाचणाऱ्यांची सोय पाहणं हे तिचं काम नव्हतं. त्यामुळे तिने रोमन अक्षरांना आपल्या गरजेचे उच्चार दिले. क्यू हे अक्षर ‘छ’साठी घेतलं, एक्स ‘श’साठी घेतलं.

याचा परिणाम आपल्या बातम्यांतही दिसतो. जुन्या मराठी वर्तमानपत्रांत ‘माओ त्से तुंग’ असं छापलं जाई. ते रूप वेड-जाइल्स या जुन्या लेखनपद्धतीवरून आलं होतं. पिनयिन रुळल्यावर स्पेलिंग बदललं आणि ‘माओ झेडाँग’ ऐकू येऊ लागलं. मूळ उच्चार साधारण ‘माओ त्सअ-तुङ’ असा आहे, म्हणजे जुनं मराठी रूपच जवळचं होतं. ‘बीजिंग’ला चिनी माणूस ‘पेइ-चिङ’ म्हणतो. ‘शी जिनपिंग’ हे नाव तिथे ‘शी चिन-फिङ’ असं ऐकू येतं.

प-फ, त-थ, क-ख

चिनीत आपले घोष ब, द, ग नाहीत. तिथला भेद कमी श्वास आणि जास्त श्वास असा आहे, आणि हा भेद तर आपण बाराखडीबरोबरच शिकलेलो असतो. पिनयिनमधलं बी म्हणजे आपला प आणि पी म्हणजे फ. डी म्हणजे त, टी म्हणजे थ. जी म्हणजे क, के म्हणजे ख.

आपली चूक नेमकी कुठे होते? मराठी माणूस पी पाहून ‘प’ म्हणतो. त्यात श्वासाचा झोत नसल्यामुळे चिनी कानाला तो बी वाटतो. ‘फिङ’ म्हणजे बाटली आणि ‘पिङ’ म्हणजे बर्फ. पाण्याची बाटली मागताना फ नीट आला नाही, तर ऐकणारा बर्फाच्या पाण्याकडे वळू शकतो. ‘तू-त्स’ म्हणजे पोट आणि ‘थू-त्स’ म्हणजे ससा. डॉक्टरसमोर पोट दुखतंय हे सांगताना त आणि थ यांत गल्लत चालणार नाही.

एक सावधगिरी मात्र हवी. ‘फळ’मधला जुना फ दोन्ही ओठ मिटून निघतो. इंग्रजीच्या सवयीने शहरांत तो ‘फोटो’तल्यासारखा, दात ओठाला लावून म्हटला जातो. चिनीत हे दोन्ही उच्चार आहेत आणि ते वेगळे आहेत. पिनयिनमधल्या पीसाठी ओठ पूर्ण मिटा. एफसाठी दात लावा.

तीन जागांचे च

‘चिंच’ हा शब्द सावकाश म्हणून पाहा. पहिला च टाळूवरून येतो, दुसरा दातांजवळून. पिनयिनमधलं जे म्हणजे पहिला च आणि झेड म्हणजे दुसरा. ‘चमचा’, ‘चांगला’ म्हणताना आपण हा दुसरा च रोज उच्चारतो. या लेखात तो ‘त्स’ असा लिहिला आहे. पहिल्या ‘च’ला श्वासाचा जोर दिला की क्यू, म्हणजे छ. दुसऱ्याला दिला की सी, म्हणजे ‘त्स्ह’. हा शेवटचा उच्चार मराठीत नाही. ‘चमचा’तला च म्हणता म्हणता त्यात ह मिसळून तो साधावा लागतो.

तिसरी जागा पोटफोड्या ‘ष’ची. लिहिताना आपण ष पाळतो, बोलताना मात्र बहुतेक जण श म्हणतात. चिनीसाठी तो पुन्हा नीट काढायला शिका. जिभेचं टोक मागे वळवून टाळूकडे न्या. तिथून येणारा ष म्हणजे एसएच. जीभ त्याच जागी ठेवून म्हटलेला च म्हणजे झेडएच आणि छ म्हणजे सीएच. या अक्षरांपुढे नुसता आय आला तर ‘ची’, ‘छी’, ‘षी’ म्हणू नका. जीभ तिथेच ठेवून तो आवाज थोडा लांबवा. एक्स मात्र ‘शीर’मधल्यासारखा हलका श आहे, त्यासाठी जिभेचं टोक खाली राहतं.

आणखी तीन उच्चारांकडे लक्ष द्या. शब्दाच्या सुरुवातीचा आर म्हणजे आपला थरथरता र नव्हे. ष म्हणताना जीभ जिथे असते तिथेच ठेवून त्यात कंठाचा आवाज मिसळा. शब्दाच्या शेवटी येणारा एनजी म्हणजे ‘रंग’मधला ङ, पण पुढचा ग न म्हणता. ‘मासा’ या अर्थाच्या ‘यू’ शब्दातला स्वर मराठीत नाही. ई म्हणत राहा आणि जीभ न हलवता ओठ ऊसारखे गोल करा.

सुराशिवाय शब्द पुरा होत नाही

इथवर मराठीची मदत झाली, पण सूर ही गोष्ट आपल्याला पहिल्यापासून शिकावी लागते. चिनीत सूर बदलला की शब्द बदलतो. चार सूर आहेत, आणि पाचवा हलका, बिनसुरी. तुमच्या वहीत प्रत्येक अक्षरापुढे सुराचा आकडा लिहा. बिनसुरी अक्षराला आकडा देऊ नका.

१ : वरच्या पट्टीत स्थिर, गवई स्वर लावून धरतो तसा.
२ : चढता, नीट ऐकू न आल्यावर आपण ‘काय?’ विचारतो तसा.
३ : खाली दाबलेला. एकटा आला तर शेवटी किंचित वर येतो.
४ : वरून झपकन खाली, ठामपणे ‘नको!’ म्हणतो तसा.

व्यापाऱ्यांनी सर्वांत आधी ही जोडी पाठ करावी: ‘माय३’ म्हणजे विकत घेणं, ‘माय४’ म्हणजे विकणं. खाणावळीत ‘थाङ१’ म्हणजे सूप आणि ‘थाङ२’ म्हणजे साखर. ‘येन१’ म्हणजे सिगारेट आणि ‘येन२’ म्हणजे मीठ. एकेक सूर सुटा घोकण्यापेक्षा अशा जोड्या म्हणा, फरक लवकर अंगवळणी पडतो.

दोन नियम सुरुवातीपासून लागतात. लागोपाठ दोन ३ आले की पहिल्याचा २ होतो, म्हणून नमस्कारासाठीचं ‘नी३ हाओ३’ प्रत्यक्षात ‘नी२ हाओ३’ असं ऐकू येतं. ‘नाही’ या अर्थाचा ‘पू४’ दुसऱ्या ४ च्या आधी आला की ‘पू२’ होतो. प्रश्न विचारताना आपण वाक्याचा शेवट चढवतो. चिनीत तसं केलं तर शेवटच्या शब्दाचा सूरच बदलून जाईल. प्रश्नासाठी वाक्याच्या शेवटी ‘मा’ जोडा आणि प्रत्येक शब्द आपल्या सुरात राहू द्या.

इंग्रजीचा एक शब्द, चिनीचे अनेक

आता अर्थाकडे वळू. ॲपमध्ये ‘अंकल’ टाइप केलं तर चिनी भाषेपुढे प्रश्न उभा राहतो, कोणता अंकल? वडिलांचा मोठा भाऊ ‘पो२-पो’, धाकटा भाऊ ‘षू१-षू’, आईचा भाऊ ‘च्योउ४-च्योउ’. मराठीतून विचार केला तर मामा लगेच वेगळा पडतो, फक्त काका थोरले की धाकटे एवढं ठरवावं लागतं. आत्याला ‘कू१-कू’ आणि मावशीला ‘ई२-मा१’ आहे. भावंडांतही थोरला ‘कअ१-क’, धाकटा ‘ती४-ती’, थोरली ‘च्ये३-च्ये’, धाकटी ‘मेइ४-मेइ’. आपण अनोळखी वडीलधाऱ्यांना काका-मावशी म्हणतो, तसं तिथेही ‘षू१-षू’ आणि ‘आ१-ई२’ म्हणतात. टॅक्सीचालकाला ‘ष१-फू’ म्हटलेलं चालतं. त्या शब्दात कारागिराबद्दलचा आदर आहे.

‘राइस’चंही असंच. तांदूळ म्हणजे ‘मी३’, भात म्हणजे ‘मी३-फान४’. ‘यू’ या इंग्रजी शब्दात तू आणि तुम्ही दोन्ही येतात. चिनीत ‘नी३’ साधा आणि ‘निन२’ आदराचा आहे. ज्येष्ठ माणूस, प्राध्यापक, ग्राहक यांच्याशी बोलताना ‘निन२’ वापरा.

‘सॉरी’ आणि ‘एक्सक्यूज मी’साठी प्रसंग ओळखा. खरोखर चूक झाली तर ‘तुएइ४-पु-छी३’. गर्दीतून वाट काढताना किंवा थोडी तसदी देताना ‘पू४ हाओ३-ई४-स’. काही विचारायचं असेल तर आधी ‘छिङ३-वन४’. ‘प्लीज’ला ‘छिङ३’ हा शब्द सापडतो, पण तो मुख्यतः आदराने ‘या, बसा’ म्हणण्यासाठी आहे. चहा मागवताना तो लागत नाही. ‘लाय२ ई४ पेइ१ छा२’, म्हणजे एक कप चहा आणा, एवढं सभ्य आणि पुरेसं आहे.

‘येस’साठी एकच शब्द शोधत बसू नका. प्रश्नातलं क्रियापद परत म्हणणं हेच उत्तर असतं. ‘याओ४ मा?’ म्हणजे हवंय का? उत्तर ‘याओ४’ किंवा ‘पू२ याओ४’. मराठीत आपण ‘हवं’, ‘नको’ असंच उत्तर देतो, त्यामुळे ही रीत परकी वाटणार नाही. ओळखीच्या माणसाने ‘छ१ ल मा?’ म्हणजे जेवलात का असं विचारलं, तर तो क्षेमकुशलाचाच प्रश्न आहे हेही आपल्याला समजावून सांगावं लागत नाही.

आकडे, भाव आणि वजन

एक ते दहा असे: ई१ (वर चहाच्या वाक्यात तो ‘ई४’ झाला आहे), अर्४, सान१, स्स४, ऊ३, ल्योउ४, छी१, पा१, च्योउ३, ष२. वस्तू मोजताना दोनसाठी ‘ल्याङ३’ येतो आणि आकड्यानंतर बहुतेकदा ‘क’ हा परिमाणशब्द लागतो, म्हणून दोन नग म्हणजे ‘ल्याङ३ क’. प्रत्येक वस्तूचे परिमाणशब्द निरनिराळे असतात. सुरुवातीला एकट्या ‘क’वर काम भागतं. फोन नंबर सांगताना एकासाठी ‘याओ१’ म्हणतात.

चार आणि दहा यांत घोटाळा होण्याची शक्यता मोठी, म्हणून भाव ठरवताना बोटंही दाखवा. चीनमध्ये दहापर्यंतचे आकडे एका हाताने दाखवतात. अंगठा आणि करंगळी म्हणजे सहा. अंगठा आणि तर्जनी म्हणजे आठ, ते दोन समजू नका.

मोठ्या रकमा इंग्रजीतून नेऊ नका. चिनी मोजणी दहा हजारांच्या ‘वान४’वर चालते. एक लाख म्हणजे १० वान, दहा लाख म्हणजे १०० वान, एक कोटी म्हणजे १,००० वान. दहा कोटींना स्वतंत्र शब्द आहे, ‘ई४’. लाखाचं मिलियन आणि मिलियनचं वान करण्यापेक्षा लाखाचं थेट वान करा. करारातली रक्कम नेहमी पूर्ण अंकांत लिहून घ्या.

किंमत विचारायला ‘त्वो१-षाओ छ्येन२?’. महाग वाटलं तर ‘थाय४ क्वेइ४ ल’. चलनाचं लिखित नाव युआन असलं तरी बोलताना ‘ख्वाय४’ म्हणतात. भाजीबाजारातला भाव बहुधा ‘चिन१’चा असतो. चीनच्या मुख्य भूमीवर एक चिन म्हणजे ५०० ग्रॅम. किलोला ‘कुङ१-चिन१’ म्हणतात. सवलतीची पाटी उलट वाचावी लागते. ‘पा१ चअ२’ म्हणजे आठ टक्के किंवा ऐंशी टक्के सूट नव्हे. मूळ किमतीच्या ऐंशी टक्के द्यायचे, म्हणजे सूट वीस टक्के.

जेवण आणि औषध

शाकाहारी असाल तर ‘वो३ छ१ सू४’ हे वाक्य तोंडपाठ हवं. तेवढ्यावर थांबू नका. भाजीत डुकराची चरबी, चिकन पावडर किंवा ऑयस्टर सॉस असू शकतो. ‘चू१-योउ२’, ‘ची१-चिङ१’, ‘हाओ२-योउ२’ ही तीन नावं सांगून प्रत्येकापुढे ‘पू२ याओ४’ म्हणा. अंडं म्हणजे ‘ची१-तान४’. नुसतं ‘रोउ४’ म्हणजे मांस, आणि तिथे कोणतंही विशेषण नसेल तर ते बहुधा डुकराचं असतं. हलाल जेवण हवं असेल तर ‘छिङ१-चन१’ अशी चौकशी करा. बौद्ध परंपरेच्या शाकाहारी खाणावळींत कांदा-लसूण टाळण्याची रीत आहे, पण बटाटा चालतो. जैन वाचकांनी ‘थू३-तोउ४’ वेगळा सांगायला हवा.

औषधांची चिनी नावं इंग्रजी नावांशी जुळतीलच असं नाही. पेनिसिलीन म्हणजे ‘छिङ१-मेइ२-सू४’. त्याची ॲलर्जी असेल तर ‘वो३ तुएइ४ छिङ१-मेइ२-सू४ क्वो४-मिन३’. तुमची ॲलर्जी, नेहमीची औषधं आणि आजार चिनी लिपीत लिहून तो कागद पाकिटात ठेवा. अशा वेळी उच्चारावर विसंबून राहू नये.

नावांचं काय होतं

चिनी लिपीत बाहेरच्या शब्दासाठी सुटी मुळाक्षरं नाहीत. प्रत्येक चिन्ह एक अक्षर उच्चारतं आणि बहुधा त्याला अर्थही असतो. त्यामुळे परक्या नावाचे तुकडे करून ते बसवले जातात. ७ व्या शतकात भारतात आलेल्या चिनी प्रवासी ह्युएनत्संगाने महाराष्ट्राचं नाव ‘मो-हअ-ला-छा’ असं उतरवलं होतं. आजही मुंबईला ‘मङ४-माय३’, पुण्याला ‘फू३-ना४’, गोव्याला ‘क्वो३-आ१’ म्हणतात. ‘वो३ ष४ मङ४-माय३ रन२’ म्हणजे मी मुंबईचा किंवा मुंबईची. मॅकडोनल्ड्स ‘माय४-ताङ१-लाओ२’ होतं, केएफसी ‘खन३-तअ२-ची१’. स्टारबक्समध्ये पहिल्या भागाचा अर्थ घेतला, तारा म्हणजे ‘शिङ१’, आणि उरलेला आवाज ‘पा१-खअ४’ असा ठेवला. टॅक्सीवाल्याला इंग्रजी नाव सांगून उपयोग होत नाही. हॉटेलचं नाव चिनी लिपीत असलेलं कार्ड जवळ ठेवा.

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले आणि १९४२ साली तिथेच त्यांचं निधन झालं. त्यांचं चिनी नाव रोमन लिपीतून वाचणारे ‘के डिहुआ’ म्हणतात. ते ‘खअ१ ती४-ह्वा२’ असं म्हणा. शेवटचा ‘ह्वा’ म्हणजे चीन. एखाद्या चिनी माणसाशी बोलताना हे नाव योग्य सुरात उच्चारता येणं ही मराठी माणसासाठी फार मोलाची ओळख आहे.

ॲप कसं वापरावं

गूगलच्या सेवा चीनच्या मुख्य भूमीवर तिथल्या इंटरनेटवर चालत नाहीत. म्हणून निघण्यापूर्वीच प्लेकोसारखा ऑफलाइन शब्दकोश फोनमध्ये घ्या. अनुवाद करताना सुटा शब्द टाकू नका, कर्ता-क्रियापद असलेलं छोटं, पूर्ण वाक्य टाका. आलेला चिनी मजकूर उलट मराठीत किंवा इंग्रजीत आणून पाहा. अर्थ बदलला असेल तर मूळ वाक्य आणखी सोपं करा. उच्चारासाठी रोमन स्पेलिंग न वाचता आवाजाचं बटण दाबा आणि ऐका. तैवानमध्ये लिपीची चिन्हं जुन्या, पारंपरिक वळणाची आहेत. हाँगकाँगमध्ये रोजची भाषा कँटनीज आहे आणि तिथे या लेखातले उच्चार जसेच्या तसे चालणार नाहीत.

शेवटी वहीबद्दल. पानावर तीन रकाने आखा. पहिल्यात मराठी अर्थ, दुसऱ्यात सुराच्या आकड्यासह देवनागरी उच्चार, तिसऱ्यात चिनी लिपी. पहिल्या पानावर फक्त तुमच्या कामाचे शब्द घ्या. विद्यार्थ्याने दवाखाना आणि मेसचे, व्यापाऱ्याने भाव आणि वजनाचे. पान भरलं की एखाद्या चिनी सहकाऱ्याला किंवा शिक्षकाला मोठ्याने वाचून दाखवा आणि तो जिथे अडेल तिथला आकडा किंवा अक्षर लगेच दुरुस्त करा. या लेखातल्या देवनागरी उच्चारांनाही हाच नियम लावा. देवनागरी तुम्हाला मूळ उच्चाराच्या बरंच जवळ नेते, उरलेलं अंतर कान आणि सराव कापतात.